जुनं पायमशीन घेताना आधी टेबल बघा : गोधडी आणि क्विल्ट शिवणाऱ्यांसाठी

तिरपी_टीप :

जुनी पायमशिनं, त्यांची लाकडी टेबलं, कापडाची दुकानं यांवर या मंचावर सुटंसुटं बरंच लिहिलं गेलंय. गोधडी आणि क्विल्ट शिवणाऱ्यांच्या नजरेतून ते एकत्र आणू या. प्रत्येकाने आपापल्या कामातलं नेमकं लिहा, मापं असतील तर मापांसकट.

जुनं मशीन बघायला गेल्यावर सगळ्यांची नजर आधी डोक्यावरच्या (टेबलावर बसणाऱ्या मूळ यंत्रावरच्या) सोनेरी नक्षीवर जाते. आपण आधी वाकून खाली बघावं. डोक्याचे बहुतेक सुटे भाग आजही पेठेतल्या मशीन-दुरुस्तीच्या दुकानात मिळतात. बिडाच्या स्टँडला तडा असेल तर मात्र साधं वेल्डिंग टिकत नाही. बीड असमान तापलं की शेजारीच नवी चीर जाते.

टेबल का महत्त्वाचं, तेही सांगते. ब्लाउज शिवताना कापडाचं वजन जाणवत नाही. ६० बाय ९० इंचांचं क्विल्ट किंवा चार-पाच साड्यांच्या थरांची गोधडी मात्र काठावरून लोंबायला लागली की स्वतःच्या वजनाने सुईपासून मागे खेचली जाते. सुईखालचे दाते कापड पुढे ढकलतात, वजन त्याला उलटं ओढतं. टाके एकदा बारीक, एकदा लांब पडतात. ओढ जास्त झाली की सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि मोडते. लोक दोऱ्याच्या ताणाचा (टेन्शनचा) स्क्रू फिरवत बसतात, दोष टेन्शनचा नसतोच. सगळं वजन टेबलाने पेललं पाहिजे, सुईभोवतीचं वीतभर कापड सैल राहिलं पाहिजे.

बघायला जाताना टॉर्च, टेप आणि एक मोठा स्क्रूड्रायव्हर न्या. टेबलाचे समोरासमोरचे कोपरे दोन्ही हातांनी दाबून हलवा. डगमगलं तर दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीचे बोल्ट बघा. नुसते ढिले असतील तर घट्ट करून काम भागतं. बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी रेघ दिसली तर ते स्टँड सोडा. मग पायडल हाताने वरखाली करा. ते दोन टोकदार स्क्रूंवर झुलतं. डावी-उजवीकडे सरकत असेल तर बाहेरची नट सैल करून स्क्रू पाव फेरा आत घ्या आणि नट परत आवळा. पायडल सोडलं की दोन-तीन झोके घेऊन थांबलं पाहिजे. लगेच थांबलं तर स्क्रू जास्त आवळलेत किंवा तेल वाळलंय. मोठं चाक बाजूने हलत असेल तर त्याच्या आसाची झीज बघा. दर फेऱ्याला एकदा ‘टक’ असा आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा पायडल आणि चाक जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा. ते टोक उघडून साफ करून, तेल देऊन पुन्हा बसवता येतं.

शेवटी डोक्यासाठीचा खाचा मोजा. घरगुती पूर्ण आकाराच्या डोक्याचा तळ साधारण साडेचौदा बाय सात इंच असतो. सिंगरचे ९९ किंवा १२८ सारखे छोटे नमुने या खाच्यात बसत नाहीत, त्यांचा तळ दोनेक इंचांनी आखूड असतो. खाचा पूर्ण मापाचा असला तर पुढे डोकं बदलायची मुभा राहते. टेबल पन्नास वर्षं तेच राहू शकतं.

चौकट_सुतार :

ताई, लाकडाचं मी लिहितो.

अमेरिकी सिंगरची टेबलं बहुतेक ओक किंवा अक्रोडाच्या पातळ पापुद्र्याची, आत साधं लाकूड. इंडियाना राज्यात साउथ बेंडला त्यांचा मोठा टेबल-कारखाना होता. आपल्याकडच्या जुन्या टेबलांत सागवानी फळीही दिसते आणि प्लायही. फळीची कड बघा. वरचे रेषे कडेवरून सलग खाली उतरलेले दिसले तर भरीव लाकूड, थर दिसले तर प्लाय.

पापुद्रा सुटणं हा सगळ्यात जास्त आढळणारा दोष. टेबलावर ठेवलेल्या कुंडीचं पाणी, खिडकीतला पाऊस, एवढं त्याला पुरतं. जुना सरस उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा मऊ होतो, म्हणून आधी तो उपाय करा. सुटलेल्या भागावर ओलसर सुती फडकं ठेवा, इस्त्री मध्यम गरम करून आठ-दहा सेकंद दाबा, फडकं काढा, वर सपाट फळी आणि वजन ठेवून रात्रभर सोडा. धूळ आत गेली असेल तर हे जमत नाही. मग चाकूच्या पात्याने पापुद्रा किंचित उचलून आतली धूळ फुंकून काढायची, इंजेक्शनच्या सिरिंजने फेव्हिकॉल सोडायचा, बाहेर आलेला लगेच ओल्या कापडाने पुसायचा, वर मेणकागद, मग प्लायचा तुकडा आणि शिकंजा. चोवीस तास हात लावायचा नाही. मेणकागद विसरलात तर प्लायचा तुकडाच टेबलाला चिकटेल.

पॉलिश कोणतं आहे ते कळल्याशिवाय काही घासू नका. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश आहे. मग सगळं खरवडायची गरज नाही, पातळ चपडा-स्पिरिटचे दोन-तीन हात कापसाच्या बोळ्याने दिले की जुना थर नव्यात मिसळतो. गोधडीच्या टेबलावर शेवटी पांढरं मेण चोळून सुती कापडाने चकाकी आणा. कापड त्यावरून सरसर सरकतं. तेलकट पॉलिश वापरू नका, फिक्या कापडावर डाग उतरतात.

लाकडात किडीची बारीक भोकं दिसली तर खाली कागद पसरून टेबल आठवडाभर तसंच ठेवा. कागदावर ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. खालच्या, पॉलिश नसलेल्या बाजूंना कीडनाशक ब्रशने दोनदा द्या, वरच्या भोकांत सिरिंजने सोडा, वाळल्यावर रंग मिळवलेली लांबी (पुट्टी) भरा. असं टेबल तोवर घरातल्या बाकी फर्निचरशेजारी नको.

ड्रॉवर अडकत असेल तर रंधा मारायची घाई नको. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात तोच सैल होईल. धावपट्टीवर मेणबत्ती घासा.

पन्हाळ्याची_वाकळ :

वाचनखूण साठवली! आमच्याकडे वाकळ (गोधडी) हातानेच घालतात, धावदोऱ्याने, पण वरचे तुकडे आता मशीनवर जोडून घेतात. प्रश्न असा, की टेबल लहान पडतं. मागे आणि डावीकडे फळी जोडून मोठं करावं का?

चौकट_सुतार :

जोडा, पण जुन्या टेबलात स्क्रू मारू नका. १८ मिलिमीटर प्लायची फळी, तिच्या खाली दोन सुटे पाय, आणि टेबलाच्या कडेला सी-शिकंज्याने पकड. काम झालं की काढून भिंतीला लावता येते.

तिरपी_टीप :

यात मी थोडी वेगळी पडेन. भरीव सागवान किंवा ओकचं टेबल असेल तर अजिबात भोक नको. पण वरची फळी आधीच कोणीतरी सनमायका लावून बदललेली असेल तर लांब बिजागरी लावून कायमची झडप करणं जास्त सोयीचं. शिकंज्याची जोड मोठं क्विल्ट ओढताना एखाद-दोन मिलिमीटर खाली बसते आणि त्या पायरीवर कापड अडकतं.

पायरीचा नियम डोक्यालाही लागू आहे. मशीनचा तळ आणि टेबल एका पातळीत हवेत. स्टीलची पट्टी दोन्हींवर आडवी ठेवून बघा. डोकं खाली असेल तर खाच्याच्या कोपऱ्यांत जाड फेल्टचे तुकडे चिकटवा. वर असेल तर बहुधा खाच्यात जुनं फेल्ट कडक होऊन बसलेलं असतं, ते खरवडा.

वाकळताई, मोठं काम डावीकडे आणि मागे सरकतं, म्हणून तिथे त्याच उंचीचं दुसरं टेबल नुसतं टेकवलं तरी निम्मं काम होतं. उजवीकडे मोठी जागा लागत नाही, गुंडाळी मशीनच्या आडव्या हाताखाली मावली की झालं. सिंगर क्लास १५ च्या (आपल्याकडे बहुतेक दिसणाऱ्या घडणीच्या) डोक्यात सुई आणि मशीनचा उभा खांब यांतली जागा साडेसहा-सात इंचच असते. म्हणून पूर्ण क्विल्ट टीप मारायला मध्यापासून सुरू करायचं आणि कडेकडे जायचं. एका वेळी निम्म्यापेक्षा जास्त गुंडाळी खांबाकडे येत नाही.

शटल_डबी :

डोक्याबद्दल. भारतात दिसणारी बहुतेक जुनी काळी डोकी सिंगर क्लास १५ च्या घडणीची, उषा असो, मेरिट असो की लुधियानाचं बिननावाचं. त्यामुळे बॉबिन, बॉबिन केस, सुई, दाबपाय यांची अदलाबदल होते. सुई साधी घरगुती, १५×१ किंवा एचए×१ लिहिलेली. तुकडे जोडायला ११ किंवा १४ नंबर, साड्यांच्या चार-पाच थरांना १६.

मूळ सिंगर असेल तर तळावरचा नंबर बघा. नुसतं एफ किंवा वाय, किंवा ई आणि पुढे आणखी एक अक्षर असेल तर तो स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्याचा. तो कारखाना १८८५ साली सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. जी असेल तर अमेरिकेतल्या एलिझाबेथपोर्टचा, १९१० नंतरचा. नंबरवरून वय कळतं, शिवण्याचा दर्जा कळत नाही, त्यामुळे जास्त पैसे फक्त अक्षरासाठी देऊ नका.

अडकलेलं डोकं मेलेलं असतंच असं नाही. क्रमाने जा. आधी शटलची रिंग उघडा (काहींत दोन खटके, काहींत स्क्रू). आत एकच दोऱ्याचा वेढा बसला तरी सगळं मशीन जाम होतं. मग डाव्या बाजूची झाकणपट्टी, मागचं गोल झाकण, सुईची प्लेट काढा. जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे प्रत्येक ठिकाणी थेंब-थेंब मशीन ऑइल. खोबरेल तर नाहीच नाही, आज जे जाम झालंय ते बऱ्याच वेळा कोणीतरी घातलेल्या खोबरेलानेच. हेअर ड्रायरने सांधा कोमट करा, वाळलेलं तेल पातळ होतं. डोक्याच्या उजवीकडचं चाक पुढेमागे हलकं डोलवा, जोर लावू नका. रात्रभर ठेवून परत. अगदीच हटलं नाही तर आतल्या उघड्या धातूला ब्रशने रॉकेल, आणि नंतर ते पुसून पुन्हा तेल. रॉकेलने तेल धुऊन जातं, कोरडं ठेवलं तर आठवड्यात गंज चढतो.

काळ्या रंगाला आणि सोनेरी नक्षीला स्पिरिट लावू नका! नक्षीवर चपड्याचा थर असतो, तो स्पिरिटने विरघळतो आणि सोनेरी रंग फडक्यावर येतो. वर चौकटदादांनी सांगितलेली स्पिरिटची परीक्षा फक्त लाकडासाठी. डोकं पुसायला मशीन ऑइल आणि मऊ सुती कापड, बस.

आणखी एक, चाकाच्या मधली गोल घुंडी सोडली तरी बॉबिन भरताना सुई हलतच राहत असेल तर घुंडीमागची तीन कानांची वॉशर उलटी बसली आहे. काढून अर्धा फेरा फिरवून बसवा.

रंगीत_ठिगळ :

शटल_डबी, खालचं चाक आणि डोकं जोडणाऱ्या पट्ट्याचं राहिलं.

शटल_डबी :

बरोबर. गोल चामड्याचा पट्टा, जाडी पाव इंचाहून थोडी कमी, लांबी साधारण ७२ इंच मिळतो. टेबलाच्या दोन्ही भोकांतून ओवून, दोन्ही चाकांच्या खोबणीत बसवून, टोकं ताणून जिथे एकमेकांना भिडतात तिथे खूण करा. खुणेवर काटकोनात कापा, टोकापासून सहा मिलिमीटरवर भोक पाडा, तारेची पिन घालून पकडीने दाबा. पिनेचं टोक बाहेर राहिलं तर टेबलाच्या भोकाला आणि कपड्याला ओरखडे. बोटाने दाबल्यावर पट्टा अर्धा-पाऊण इंच आत गेला पाहिजे. जास्त ताणला तर पायडल जड होतं आणि आस झिजतो, ढिला असेल तर जाड शिवणीवर खालचं चाक फिरतं, सुई थांबते. नवीन चामडं पहिल्या काही आठवड्यांत लांबतं, तेव्हा एकदा अर्धा इंच कापावं लागणारच. पट्ट्याला तेल लावू नका.

डोक्याच्या चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येईल असंच फिरवायचं. उलटं फिरलं की दोरा शटलमध्ये गुंततो. पायडल मारायच्या आधी हाताने चाक आपल्याकडे ओढून सुरुवात करा.

जर्सीतली_सुई :

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी थोडं. पेनसिल्व्हेनियात ॲडम्सटाउनला जुन्या वस्तूंची मोठमोठी दालनं आहेत, आणि तिथून लँकेस्टर परगण्यातली कापडाची आणि क्विल्टची दुकानं जवळ. आमिश (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबांची दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार धरा. मिसुरीतल्या हॅमिल्टन गावात एकाच कंपनीची बरीच क्विल्ट-दुकानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि केंटकीतल्या पडूकाला राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय १९९१ पासून आहे. तिथली हाताची टीप जवळून बघितली की कोपऱ्यांची जुळणी म्हणजे काय ते कळतं.

दालनांत दोन गोष्टी शोधण्यासारख्या. एक, दोऱ्याच्या रिळांची जुनी ओकची कपाटं, चपट्या ड्रॉवरांची, दुकानांच्या गल्ल्यावर असायची. ‘क्लार्क ओ.एन.टी.’ किंवा ‘जे. अँड पी. कोट्स’ अशी अक्षरं दिसतात. नकलाही भरपूर. ड्रॉवर बाहेर काढून कोपऱ्याचा सांधा बघा. अर्धगोल आणि मध्ये गोल खुंटी असा सांधा असेल तर तो साधारण १८७० ते १९०५ या काळातल्या यंत्राचा. नकली मालात तो सहसा कोणी करत नाही. क्विल्टच्या कामाला ही कपाटं सुंदर, पाच इंची चौकोन रंगांप्रमाणे लावून ठेवता येतात. फक्त तळाशी आम्लरहित कागद घाला, ओकमधलं आम्ल पांढऱ्या सुती कापडावर पिवळे डाग पाडतं.

दुसरं, पायमशीनचं डोकं. विजेचं मशीन भारतात नेलं तर ११० व्होल्टची मोटर २२० वर जळते, ट्रान्सफॉर्मर लागतो. पायमशीनच्या डोक्याला ही कटकट नाही. पण सिंगरचे १५-९१ आणि २०१-२ हे नमुने घेऊ नका, त्यांची मोटर दातेरी चाकांनी आत जोडलेली असते, पट्ट्यावर चालत नाहीत. विमानात डोकं बारा-तेरा किलो भरतं, २३ किलोच्या बॅगेत जातं. रिळाची खुंटी आणि सुई काढा, दाबपाय खाली करून त्याखाली कापड घाला. डोक्याच्या चाकाभोवती कडक फोम हवा, सगळ्यात आधी तेच तुटतं. टेबल मात्र भारतातच घ्या.

रंगीत_ठिगळ :

तिथल्या दुकानांतले ते कापलेले गठ्ठे इथे करता येतात का? फॅट क्वार्टर, जेली रोल वगैरे.

जर्सीतली_सुई :

सहज. फॅट क्वार्टर म्हणजे १८ बाय २२ इंच. ४४ पन्ह्याचं अर्धा मीटर कापड घेऊन पन्ह्याच्या मधोमध कापलं की दोन फॅट क्वार्टर, वर थोडं शिल्लक. जेली रोल म्हणजे पूर्ण पन्ह्याच्या अडीच इंची पट्ट्या, चार्म म्हणजे पाच इंची चौकोन, लेयर केक म्हणजे दहा इंची. विकतच्या गठ्ठ्यांची कड नागमोडी कापलेली असते, तिचं माप टोकापासून की खाचेपासून ते पट्टीने आधी तपासा. फरक दोन-तीन मिलिमीटरचा असला तरी वीस तुकडे जोडल्यावर ओळ दीड-दोन इंचांनी चुकते.

तिरपी_टीप :

मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठेतला कापडगंज, आणि सुया-दोरे-पट्ट्यांसाठी तुळशीबाग. दुकानात पन्हा विचारूनच हिशेब करा, ३६, ४४ आणि ५८ तिन्ही मिळतात. तुकड्यांसाठी केंब्रिक किंवा पॉपलिन. रुबिया फार सरकतं. सगळं सुती कापड आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा. गडद लाल आणि निळं वेगळं भिजवून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. चिंधी रंगली तर पुन्हा धुवा. तरीही रंग सोडत असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नका. अस्तर वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी चार इंच मोठं घ्या. मोठ्या गोधडीला ५८ पन्हा घेतलात तर मधला एक जोड वाचतो.

मशीनवरची पाव इंची शिवण तपासायची सोपी रीत: दीड इंची तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. बरोबर एक इंच भरली तर शिवण ठीक. कमी भरली तर शिवण रुंद पडतेय. जुन्या दाबपायाची कड पाव इंचावर नसते, म्हणून तळावर सुईच्या उजवीकडे असलेल्या भोकात स्क्रूने बसणारी छोटी मार्गदर्शक पट्टी लावा. एकदा बसवली की हलवू नका.

पन्हाळ्याची_वाकळ :

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचा एक प्रश्न. चार साड्यांच्या थरावर मध्येच टाके सुटतात, पातळ कापडावर सुटत नाहीत. सुई नवीन आहे, १४ नंबर.

शटल_डबी :

ताई, क्रमाने बघा. १६ नंबर लावा, १४ ची सुई थरांत वाकते आणि शटलचं टोक दोऱ्याचा फास चुकवतं. सुई वरपर्यंत गेली का ते बघा, आणि लांब खोबण ज्या बाजूला त्या बाजूनेच दोरा ओवलाय ना तेही. दाबपायाचा वरचा स्क्रू एक-दोन फेरे आत घ्या. दाब कमी असेल तर सुई वर येताना थर तिच्यासोबत उचलले जातात, फास तयारच होत नाही. टाका थोडा लांब करा, इंचाला आठ. एवढं करूनही सुटत असेल तर साडीचा काठ कुठे येतोय ते बघा. जरीच्या काठावर सुईचं टोक बोथट होतं, काठ कापून वेगळे काढा आणि गोधडीच्या चौफेर पट्टीला हाताने लावा.